न मोडणारी खिटी

१४ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "व्हर्लिन, राग आला की ओरडू नका. लिहून काढा. रक्तदाब तुमचा आहे, शेजाऱ्यांचा नाही." डोरीनने त्याच दिवशी दुकानातून वही आणली. इतक्या तत्परतेने तिने माझ्या वाढदिवसालाही कधी काही आणलेलं नाही. तर ही ती वही.

आजचा राग कंपनीवर. माझं काडतुसं भरायचं यंत्र मी १९८१ साली घेतलं, 'आजन्म हमी' असं खोक्यावर ठसठशीत छापलेलं होतं म्हणून. गेल्या आठवड्यात त्यातली खिटी तिसऱ्यांदा मोडली. कंपनीला कळवलं. आज उत्तर आलं. हे मॉडेल बंद झालं आहे, सुटे भाग संपले आहेत, आपण जुने ग्राहक म्हणून नव्या यंत्रावर चाळीस टक्के सूट. म्हणजे तोंडाला पानं पुसली. आजन्म म्हणजे कोणाच्या जन्मापर्यंत? मी तर अजून जिवंत आहे.

डोरीनने विचारलं, एवढं काय आहे त्या खिटीत? तिला समजावलं. दांडा खाली ओढायचा, वर सोडायचा. यंत्रात एक गोल चकती असते, तिच्यावर पाच रिकाम्या पुंगळ्या उभ्या. एका घरात पुंगळीच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसते, पुढच्या घरात बंदुकीची दारू पडते, त्याच्या पुढच्या घरात वर गोळी दाबली जाते. दर ओढीला चकती एक घर पुढे सरकते, आणि तिला ढकलते ती ही नखाएवढी खिटी. तीच नायलॉनची! बाकी सगळं यंत्र ओतीव लोखंडाचं आणि ज्याच्यावर सगळं चालतं तो तुकडा कंगव्यासारखा.

"मग तूच बनव," डोरीन म्हणाली आणि विणायला बसली.

१५ जानेवारी

कंपनीला फोन केला. वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग कोणी ड्युरान नावाची बाई आली, इंजिनियर म्हणे. आवाजावरून तिशीचीसुद्धा नसेल. मी सांगितलं, तुमचे भाग संपले असतील तर मी स्वतः बनवतो, माझ्याकडे लेथ आहे, मिलिंग आहे, अडतीस वर्षं रेल्वेच्या टूलरूममध्ये गेली आहेत.

ती म्हणाली, "सर, बनवा, पण कृपा करून पोलादाची नको. ती मोडावी म्हणूनच तशी केलेली आहे."

मोडावी म्हणून! मी फोन ठेवला. आपला माल खराब असला की लोक काय काय तत्त्वज्ञान सांगतात. नाचता येईना अंगण वाकडं.

जेवताना हे डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या बर्फ फेकायच्या यंत्रात ती पिन असते ना? गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की तुटते ती? दर हिवाळ्यात तू डझनभर आणून ठेवतोस."

ती गोष्ट वेगळी आहे. तिला ते समजणार नाही.

१९ जानेवारी

उणे बावीस. गॅरेजमधली शेगडी पेटवून दोन तासांनी बोटं चालायला लागली.

खिटी झाली. हत्यारांच्या पोलादाच्या पट्टीतून कापली, कानशीने घासून बसवली, मग पाणी दिलं. तापवून लाल केली, कॉफीच्या डब्यातल्या तेलात सोडली, पुन्हा हलकीच तापवली आणि गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला तिथे थांबलो. कानस फिरवून पाहिली तर कानसच घसरली. बसवली. दांडा ओढला. टक्. चकती अशी सरकली की मन प्रसन्न झालं. एकोणतीस वर्षांत या यंत्राने असा आवाज काढलेला नाही.

ही खिटी माझ्यानंतरही राहील. त्या ड्युरानबाईला फोटो पाठवावा असं वाटतंय.

२३ जानेवारी

ऑरिन आला होता. ऑरिन ट्वेट. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. तो काउंटीचे रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवायचा, मी रेल्वेत. त्याची बायको मर्ना जाऊन सहा वर्षं झाली. गावाबाहेर अकरा मैलांवर खडीच्या रस्त्याच्या टोकाला एकटा राहतो आणि मजेत राहतो. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीची यंत्रं घेतली होती. त्याचीही खिटी गेली म्हणे.

"तुझ्या कारखान्यात ऑर्डर घेतोस का?" ऑरिन म्हणाला.

"घेतो. पण गिऱ्हाईक शहाणं असलं पाहिजे."

"मग दुसरीकडे जातो."

त्याला माझी खिटी दाखवली. त्याने ती चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. "चांगली केलीस लेका," म्हणाला. मग म्हणाला, "पण कंपनी नायलॉनची का करत असेल?"

"चिंगूसपणा."

"तेवढंच?"

"ऑरिन, पोलादाचं तू मला शिकवणार का?"

"छे छे. तू म्हणतोस तर बसव," तो म्हणाला. त्याच्यासाठी दुसरी केली. ती माझ्यापेक्षाही सरस झाली. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन मीच बसवून दिली. त्याने एल्क हरणाचं सॉसेज तळलं, दोघांनी खाल्लं.

२ फेब्रुवारी

सकाळी यंत्राच्या चकतीवर चिमूटभर दारू सांडलेली. डोरीनच्या मांजराने धक्का दिला असणार. त्या मांजराला गॅरेजमध्ये येऊ द्यायचं नाही असं शंभरदा सांगितलं आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

ऑरिनचा फोन. म्हणाला, यंत्राचा दांडा मध्येच जड लागतो आणि मग एकदम सुटतो. मी म्हटलं, तेल घाल. म्हणाला, घातलंय. मी म्हटलं, अजून घाल.

११ फेब्रुवारी

नेमबाजीच्या क्लबात ऑरिनचं रिव्हॉल्व्हर फुटलं. त्याला हेलिकॉप्टरने ग्रेट फॉल्सच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. माझ्या कोटाच्या बाहीवर त्याचं रक्त आहे. डोरीन म्हणते काढून दे, धुते. आत्ता नको.

१२ फेब्रुवारी

आज लिहू शकतो.

हिवाळ्यात दर गुरुवारी आमचा नेमबाजीचा खेळ जुन्या लोणी कारखान्याच्या इमारतीत असतो. कालही होता. ऑरिन माझ्या डाव्या हाताला उभा होता. चौथी गोळी झाडली तेव्हा आवाज वेगळा आला. जाड. पाहिलं तर रिव्हॉल्व्हरची वरची पट्टी कमानीसारखी वर वाकलेली आणि ऑरिन आपल्या हाताकडे बघतोय. ओरडला नाही. "अरेच्चा," एवढंच म्हणाला.

उजव्या हाताचा अंगठा पहिल्या पेरापासून गेला. कपाळाला सात टाके. डोळे चष्म्याने वाचवले.

कारण सगळ्यांना माहीत आहे. एका पुंगळीत दोनदा दारू. ऑरिन हलकी काडतुसं भरतो, दारू तळाशी एवढीशी असते. दोनदा पडली तरी वर जागा उरते, सांडत नाही, दिसत नाही. चकती पुढे सरकली की नाही हे न बघता दांडा पुन्हा ओढला की हे होतं. म्हणूनच दर वेळी डोळ्यांनी पाहायचं असतं. हे शेंबड्या पोराला कळतं.

दवाखान्यात तो म्हणाला, "माझंच चुकलं असणार, व्हर्लिन. लक्ष कुठेतरी गेलं असणार."

मी म्हटलं, "कुठे गेलं होतं?"

"आठवत नाही रे."

मला इतका राग आला की बाहेर येऊन यंत्रातली फुळकवणी कॉफी प्यायलो. सत्तर वर्षांचा माणूस! आपण किती वेळा एकमेकांना बजावलंय, भरताना रेडिओ नको, फोन नको. आता अंगठा गेला. आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच काहीतरी सांगेन.

१४ फेब्रुवारी

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी क्लबचा अध्यक्ष रस्टाड जवळ आला. हा विम्याचा धंदा करतो आणि आयुष्यात कधी कानस धरलेली नाही. म्हणतो, "ऑरिनच्या यंत्रात तुझा काही भाग होता म्हणे?"

मी म्हटलं, होता. आणि त्या सबंध यंत्रात तोच एक भाग भरवशाचा होता.

"नुसतं विचारलं," म्हणाला. नुसतं कोणी विचारत नाही.

तिथूनच ऑरिनच्या घरी गेलो. तो अजून दवाखान्यात, पण किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. खिटी काढून आणली. घरी भिंगाखाली धरली. एक ओरखडा नाही. धार जशीच्या तशी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? रुमालात बांधून ठेवली आहे, रस्टाडच्या नाकासमोर धरायला.

१८ फेब्रुवारी

ऑरिनची मुलगी जनेल ग्रेट फॉल्सहून आली होती. लहानपणी आमच्या मागच्या अंगणात सायकल शिकली ती. आता बँकेत मोठी कोणी आहे. कोट न काढताच बसली.

"व्हर्लिनकाका, तुम्ही बाबांना सगळ्यात जास्त ओळखता. खरं सांगा. ते विसरायला लागलेत का?"

मी विचार करून बोललो. सांगितलं की नाताळात त्याने दूध भांड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. एकच गोष्ट दोनदा सांगतो. नोव्हेंबरात हरणाला जाताना गोळ्यांचा डबा घरी विसरला. आणि आता हे. मी म्हटलं, जो माणूस चकती सरकली की नाही बघत नाही, तो चुलीकडे तरी बघत असेल का?

तिने डोळे पुसले. म्हणाली, डॉक्टर विचारत होते, घरच्यांखेरीज कोणाचं मत आहे का. ऑरिनच्या ट्रकची किल्ली ती आजच घेऊन गेली.

एक अक्षर खोटं बोललो नाही.

ती गेल्यावर डोरीन म्हणाली, "परवा तुझा चष्मा मला फ्रीजमध्ये सापडला."

मी म्हटलं, तो विषय वेगळा आहे.

२५ फेब्रुवारी

हे लिहायचं की नाही याचा सकाळपासून विचार करतो आहे.

आज यंत्रावर बसलो. दारूच्या घरावर दिवा लावून ठेवतो मी, तसा लावलेला होता. साठ-सत्तर काडतुसं भरून झाली. दांडा ओढला, वर सोडला. टक् असा आवाज आला. चकती हलली नाही.

आवाज आला आणि चकती हलली नाही. मी मुद्दाम पुन्हा ओढला. दारू त्याच पुंगळीत पडली. दिव्याच्या उजेडात पाहिलं तर अर्ध्याच्या खाली. वर भरपूर जागा. गोळी वर ठेवली असती तर कोणाला कळलं नसतं.

यंत्र खोललं. खिटी चकचकीत, जशीच्या तशी. चकती उलटी केली. तिच्या खालच्या अंगाला पाच खाचा असतात, खिटी त्यांच्यात अडकून ढकलते. चकती अ‍ॅल्युमिनियमची. पाचही खाचांच्या कडा ठोकून ठोकून गोल झाल्या आहेत, तोंडात विरघळलेल्या गोळीसारख्या. खिटी आता मधूनच त्यांच्यावरून घसरते आणि घसरतानाही टक् वाजते.

नायलॉनची होती तेव्हा काही अडलं की ती मोडायची. यंत्र बंद पडायचं, मी शिव्या घालायचो, नवी बसवायचो. चकतीला धक्का लागत नव्हता. थांबणं हेच तिचं काम होतं. टूलरूममध्ये नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात मीच सांगायचो, दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर स्वस्तातला भाग मऊ ठेवा, झिजू दे त्याला. अडतीस वर्षं सांगितलं.

पण ऑरिनचंही तसंच झालं असं कशावरून? त्याची चकती पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

२६ फेब्रुवारी

पाहिली.

ऑरिन मंगळवारी घरी आला आहे. यंत्र पुसून ठेवतो असं सांगून मी त्याच्या गॅरेजात गेलो. त्याच्या खाचा माझ्यापेक्षा वाईट आहेत. त्याची खिटी माझ्यापेक्षा सरस होती ना. चकती काढून कोटाच्या खिशात घातली.

मग त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. त्याने डाव्या हाताने कॉफी ओतली आणि शेजारणीने दिलेले दालचिनीचे रोल पुढे केले. कपाटांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. कप. ताटल्या. दूध इथे नाही. चुलीपाशी एक, बंद केली का? अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताचं.

"जनेलने लावायला सांगितल्या का?" मी विचारलं.

"नाही, मीच," तो म्हणाला. "म्हटलं, आत्तापासून सवय करावी."

दोन रोल खाल्ले. सांगितलं नाही.

१ मार्च

कंपनीने खोक्यावर लाल अक्षरांत छापायला नको होतं? खिटी पोलादाची करू नये, केल्यास अमुक होईल. एक ओळ! त्या ड्युरानबाईने फोनवर नीट समजावून सांगितलं असतं तर मी काय ऐकलं नसतं? एका वाक्यात कोणी एवढी मोठी गोष्ट सांगतं का?

हे लिहिलं आणि वाचलं. तिने एका वाक्यातच सांगितलं होतं. मी दुसरं वाक्य ऐकायला थांबलो नाही.

शिवाय ऑरिनने बघायला हवं होतं. मी बघतो. मी दिवा लावतो. हे खरंच आहे.

४ मार्च

जनेलचा फोन. ग्रेट फॉल्सच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली. स्वतंत्र न्हाणीघर आहे, दर बुधवारी गाणी असतात. बारा तारखेला ती न्यायला येणार. घराला गिऱ्हाईक आहे, शेजारच्या रँचवाल्यालाच हवं आहे. "काका, तुमच्यामुळे मला निर्णय घेता आला," म्हणाली. "नाहीतर मी स्वतःलाच दोष देत बसले असते."

मी म्हटलं, "बाबा काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत. म्हणतात, तुम्ही सगळे म्हणता तर तसं असेल."

आज गुरुवार, पण क्लबात गेलो नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं.

१० मार्च

डोरीन सकाळी समोर येऊन बसली. विणकाम आणलं नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तू कंपनीला शिव्या का देत नाहीस?"

"म्हणजे?"

"जानेवारीपासून रोज नाश्त्याला कंपनी असायची. आता दोन आठवडे झाले, तू तिचं नावसुद्धा घेतलं नाहीस. काय झालं ते सांग."

पन्नास वर्षांच्या संसाराचा हा तोटा आहे. मी दोन्ही चकत्या आणून टेबलावर उलट्या ठेवल्या. तिने खाचांवरून बोट फिरवलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ऑरिनला माहीत आहे?"

"नाही."

"जनेलला?"

"नाही. डोरीन, आता सांगून काय होणार? अंगठा काही परत येत नाही. आणि तो विसरतो हे तर खरंच आहे. दूध..."

"दूध!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की मांजर उठून गेलं. तिचा आवाज मी असा क्वचितच ऐकला आहे. "मर्ना गेल्यापासूनचा पहिला नाताळ होता तो, ज्याला पोरीला यायला जमलं नाही. त्या माणसाने दूध कपाटात ठेवलं. मी असते तर घर पेटवून दिलं असतं. आणि तू ते तिला पुरावा म्हणून दिलंस. तुला वाटतं तू नुसता गप्प आहेस? तू गप्प नाहीस, व्हर्लिन. तू त्याला रोज थोडा थोडा वेडा ठरवतो आहेस. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

मी म्हटलं, क्लब काय म्हणेल? रस्टाड काय म्हणेल? अडतीस वर्षं या गावात माझ्या हाताला नाव आहे.

ती म्हणाली, "आणि ऑरिनच्या डोक्याला नव्हतं?"

राग होता, पण तो ठेवायला कोणी सापडेना. कंपनी नाही, ती बाई नाही, रस्टाड नाही.

११ मार्च

गेलो. रस्त्यावर बर्फ वितळून चिखल झालेला, अकरा मैलांना अर्धा तास लागला. उद्या जनेल येणार म्हणून दारात खोकी भरून ठेवलेली. ऑरिन टेबलाशी बसून डाव्या हाताने सही करायचा सराव करत होता. घराच्या कागदांसाठी.

मी चकती त्याच्यासमोर ठेवली. खिटी रुमालातून काढून शेजारी ठेवली. जे काय आहे ते सांगितलं, आडवळण न घेता. तो यंत्रातला माणूस. त्याने चकती उजेडाकडे धरली, डाव्या अंगठ्याने एकेक खाच चाचपली.

"म्हणजे चकती सरकलीच नव्हती."

"नाही."

"पण मी दांडा ओढला होता."

"बरोबर ओढला होतास. आवाजही आला असणार."

"आला होता," तो म्हणाला. त्याने चकती खाली ठेवली. "मला आठवत होतं, व्हर्लिन. मी दर वेळी दांडा पूर्ण ओढला, दर वेळी टक् ऐकलं. अगदी स्वच्छ आठवत होतं. पण सगळे म्हणायला लागले, तेव्हा मला वाटलं, जे आठवतंय तेही आपण मनाने रचलं असेल." मग म्हणाला, "कधी कळलं तुला?"

काल, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आलाही होता.

"पंचवीस फेब्रुवारीला."

खताच्या दुकानाचं कॅलेंडर भिंतीवर होतं. तो उठला, त्याच्यापाशी गेला आणि एकेका तारखेवर बोट ठेवत मोजलं. "चौदा दिवस. सव्वीसला तू इथे होतास. या खुर्चीत. दोन रोल खाल्लेस."

"हो."

"चिठ्ठ्या पाहिल्यास."

"हो."

"अंगठ्याचं मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू चांगल्या मनाने केलीस, मी डोळे झाकून बसवून घेतली. तिथे दोघं सारखेच. पण मी रोज सकाळी उठून अंथरुणात बसून भावंडांची नावं म्हणतो. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. मग वर्गातल्या सगळ्यांची. बाकांच्या रांगेने. सगळी येतात का ते बघायला. सगळी यायची, आणि तरी मला वाटायचं, आज आली, उद्या जातील. बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं ते नाव मी सगळ्यात आधी म्हणायचो. चौदा दिवस, व्हर्लिन. आणि तू घरी जेवत होतास."

मी म्हटलं, "मला लाज वाटली."

"वाटली असेल. माझ्या जिवावर वाटून घेतलीस."

मग त्याने भिंतीवरचा फोन काढून माझ्या हातात दिला. "जनेलला सांग. मला सांगितलंस तसंच. आणि दुधाचंही सांग, का ते. मी ऐकतोय."

सांगितलं. पलीकडे जनेल रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं मी. तुम्हालाच विचारलं होतं." ऑरिनने फोन माझ्या हातातून घेतला. "जनेल, उद्या ये," तो म्हणाला. "ट्रकची किल्ली घेऊन ये. कागद आणू नकोस."

फोन ठेवल्यावर तो कपाटांपाशी गेला आणि चिठ्ठ्या काढायला लागला. मी एक काढायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "तुझी टोपी घे आणि जा."

१२ मार्च

माझी खिटी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून हातोड्याने फोडायला गेलो. फुटली नाही. नदीवर नेऊन टाकली.

ड्युरानबाईला फोन केला. तिने दोन्ही वाक्यं ऐकवली. मी ती या वेळी पूर्ण ऐकली. ती म्हणाली, "सर, तुमच्या मित्राला हे तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत." उशिरा सांगितलं, मी म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही. शहाणी मुलगी आहे.

१८ मार्च

क्लबात गेलो. खेळ सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. दोष ऑरिनचा नव्हता, माझ्या खिटीचा होता. ऑरिनचं डोकं तुमच्या आमच्यापेक्षा शाबूत आहे. तो काही विसरलेला नाही, विसरत नाही. रस्टाडने खूप वेळ खिशात पेन शोधलं.

तिथून खाटकाकडे, पोस्टात, बँकेत, खताच्या दुकानात. ऑरिनच्या डॉक्टरांकडेही जाऊन लिहून दिलं. जिथे जिथे लोक त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलत होते, तिथे तिथे मोठ्या आवाजात बोलून आलो. खाटीक म्हणाला, "कळलं रे व्हर्लिन, आत्ता क्लबातही सांगितलंस." पुन्हा सांगेन म्हटलं.

११ एप्रिल

चर्चमध्ये ऑरिन आला होता. स्वतः ट्रक चालवत. हाताला आता पट्टी नाही. पन्नास वर्षं आम्ही एका बाकड्यावर बसतो, डोरीन मध्ये. आज तो पलीकडच्या रांगेत बसला. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफीला आला, सगळ्यांशी बोलला. पाद्रीबाईंच्या नातवाचं नाव त्याला आठवत होतं, खाटकाच्या बायकोच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा. डोरीनला त्याने मिठी मारली. माझ्यासमोर आला, साखरेचं भांडं उचललं आणि पुढे गेला.

तीन रविवार हेच चाललं आहे.

परतताना गाडीत डोरीनने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "जरा वेळ जाऊ दे. माणूस विसरतो हळूहळू."

"ऑरिन विसरत नाही," मी म्हटलं. "महिनाभर गावभर तेच तर सांगत फिरलो मी."